स्लोथ : आळसाच्या आत दडलेला शब्द



निघोज्यात येऊन आळसावर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथे तिन्ही पाळ्यांत काम चालतं. तुमच्यातले काही जण पहिली पाळी संपवून थेट इथे आले असतील. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण मला ज्या इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगायची आहे तो कष्ट करणाऱ्यांच्याही कामाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘स्लोथ’. कोशात त्याचा अर्थ ‘आळस’ असा मिळतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’, तसा ‘स्लो’पासून ‘स्लोथ’. म्हणजे मुळात नुसता संथपणा. पण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी सात महापापांपैकी एकाला हे नाव दिलं आणि त्याच्या पोटात एक जुनी ग्रीक कल्पना येऊन बसली : ‘अकेडिया’. यातला ‘अ’ आपल्या ‘अ’सारखाच नकाराचा, आणि ‘केडोस’ म्हणजे काळजी, आस्था. तेव्हा अकेडिया म्हणजे आस्था नसणं. यात काम न करण्याचा उल्लेखही नाही, हे लक्षात घ्या.

इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी राहत होता. इ.स. 399 मध्ये तो वारला. त्याने या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. दुपारच्या सुमारास साधूला वाटू लागतं की सूर्य जागचा हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा बाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो. राहती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. दुसरीकडे कुठे गेलो तर बरं होईल, असं वाटत राहतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आहे, पण घड्याळाकडे बघत पाळी काढलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरींनी पापांची यादी सातावर आणली. त्यांच्या यादीत अकेडियाऐवजी खिन्नता आली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दोन्ही धागे जोडले : जे खरोखर चांगलं आहे त्याचाच कंटाळा येणं, म्हणजे अकेडिया. पुढे हा आतला अर्थ झिजत गेला आणि ‘स्लोथ’ म्हणजे हातपाय न हलवणं एवढंच उरलं. दक्षिण अमेरिकेतल्या त्या संथ प्राण्यालाही मग हेच नाव मिळालं. म्हणजे आधी पाप, मग प्राणी!

आता आपल्याकडे बघू. ‘अलस’ची पारंपरिक फोड अ अधिक लस्, म्हणजे ज्याच्यात हालचाल नाही तो. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण प्रमाद, आलस्य आणि निद्रा यांनी माणसाला बांधतो. इथून वर देहू, खाली आळंदी. त्या आळंदीच्या ज्ञानदेवांनी 1290 साली हा अध्याय मराठीत उलगडला. समर्थांनी दासबोधात आळसाला करंटेपणाच्या लक्षणांत बसवलं. पण पतंजलींनी योगाच्या नऊ अडथळ्यांत ‘स्त्यान’ आणि ‘आलस्य’ हे दोन वेगळे मोजले आहेत. स्त्यान म्हणजे चित्तच कामातून उठणं. अकेडियाच्या जवळचा शब्द हाच. रोजच्या मराठीत मात्र तो रुळला नाही. आपण सगळ्याला सरसकट आळस म्हणतो.

त्यातून अन्याय होतो. तो मीही केला आहे. तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच तासाला एक मुलगा रोज झोपायचा. मी त्याला सगळ्या वर्गासमोर आळशी म्हणालो. नंतर कळलं, तो भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रात्रपाळी करून वर्गात येत होता. त्याचं शरीर थकलं होतं, आस्था शाबूत होती. नाहीतर तो आलाच नसता. आणि आस्था कुणाची हरवली होती? पंधरा वर्षं त्याच वहीतून तेच शिकवणाऱ्या माझी. मी एकही तास चुकवत नव्हतो, त्यामुळे मला आळशी कुणी म्हटलं नाही.

म्हणून घरातल्या मुलाला किंवा हाताखालच्या पोराला ‘आळशी’ म्हणण्याआधी जरा थांबा. तो दमलाय, की त्याचं मन उठलंय, एवढं विचारा. दमलेल्याला झोप हवी. मन उठलेल्याला झोपेने बरं वाटणार नाही, त्याच्याशी बोलावं लागेल. आणि हाच प्रश्न अधूनमधून स्वतःलाही विचारावा, विशेषतः काम अगदी सुरळीत चालू असताना.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.