जयपूर-अत्रौली घराणे
हिंदुस्थानी ख्यालगायनातील एक प्रमुख घराणे. प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946). पूर्वज उत्तर प्रदेशातील अत्रौलीचे व धृपदिये, राजाश्रय राजस्थानातला. तरुणपणी अतिगायनाने आवाज बिघडल्यावर खाँसाहेबांनी आपली गायकी नव्याने घडवली. पुढे कोल्हापूर दरबारी राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला ते आले आणि घराणे महाराष्ट्रात रुजले.

खुला आकार, मध्यविलंबित लय आणि तालाच्या मात्रांशी सतत जखडलेला आलाप ही या गायकीची ओळख. तान सरळ न जाता पेचदार वळणे घेते, एका श्वासात लांबवर पसरते; त्यासाठी दमसास मोठा लागतो. सुटा, मोकळा आलाप येथे फारसा नाही. बिहागडा, खट, सावनी यांसारखे अनवट व जोड राग हे या घराण्याचे खरे वैभव होय. ही गायकी ऐकणाऱ्याकडूनही पूर्ण अवधान मागते.

मंजी खाँ व भुर्जी खाँ या पुत्रांखेरीज गोव्याच्या केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) या थोर शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर याच परंपरेतले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी भावाविष्कारासाठी चौकट सैल केली. त्यावर वाद झाले, तरी त्यांचे योगदान निर्विवाद आहे. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी आहे.