देवचार : एका शब्दाचे दोन अर्थ

तेरेखोल नदीच्या मुखाशी, तिच्या उत्तर तीरावर, तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. नदीने हा चिमुकला भाग उरलेल्या पेडणे तालुक्यापासून तोडला असून जमिनीच्या अंगाने तो सिंधुदुर्ग जिल्ह्यास लागून आहे. राज्यांची सीमा येथे अशी आडवळणाची असली, तरी नदीच्या दोन्ही तीरांवरील लोकसमजुतीत दुसरी एक सीमा नांदत आली आहे. ती गावाची सीमा असून तिचा रक्षक देवचार होय.

देवचारास देऊळ नसते. शिवेवरचा वृक्ष, पाणवठा, डोंगराची घळ ही त्याची स्थाने. रात्री तो हातात दिवटी व काठी घेऊन शिवेवर फिरतो, वाट चुकलेल्यास घरी पोचवितो आणि राखण चुकल्यास कोपतो, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्यास ‘राखणदार’ म्हणतात. वेताळाचे नाते याच कल्पनेशी जुळते. डिचोली तालुक्यातील आमोणे येथे त्याचे देवस्थान प्रसिद्ध आहे. रात्रीच्या फेरीत पायताण झिजते, म्हणून वेताळास चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल गोव्यात आढळते. पेडण्याच्या कोजागिरीस रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि बाधा झालेली माणसे मुक्तीच्या आशेने तेथे आणली जातात. भूतांचा जो नाथ, त्याच्याकडेच भूतबाधेची दाद मागावयाची, ही यातील संगती लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु बारदेश व साष्टीच्या ख्रिस्ती समाजाच्या कोंकणीत ‘देवचार’ हा शब्द सैतानाचा वाचक आहे. एकाच लहानशा प्रदेशात एका शब्दाने रक्षक आणि शत्रू असे परस्परविरोधी अर्थ का धारण करावे? याचे उत्तर राज्यविस्ताराच्या कालक्रमात सापडते. बारदेश व साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याच शतकात तेथील देवळे मोडली गेली व १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली. जुन्या दैवतांस देव म्हणणे जेथे अपराध ठरले, तेथे त्यांच्या नावांस सैतानाचा अर्थ चिकटला. उलट डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. तोपर्यंत धर्मांतराचा आवेश ओसरला होता आणि या नव्या काबिजादींतील प्रजेस धर्माचाराची मोकळीक मिळाली. येथील देवचार त्यामुळे राखणदारच राहिला.

पुढे लोकविद्येच्या संग्राहकांनीही नकळत पहिल्याच अर्थास बळ दिले. जॅक्सन यांच्या टिपणांवरून एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेल्या कोकणविषयक संग्रहात देवचार हा समंध, मुंजा, गिऱ्हा व हडळ यांच्या पंक्तीस भूत म्हणून बसला आहे. मुंजा हा अतृप्त मृताचा आत्मा होय आणि गिऱ्हा पाण्याशी निगडित आहे. माणसास बाधणे हे त्यांचे काम. देवचाराचे मुख्य काम भूमीचे रक्षण आहे. भय दोघांचेही वाटते, परंतु एवढ्या साम्यावरून त्यांस एका वर्गात घालणे युक्त नव्हे.

हा भेद कोकणापुरता नाही. १७५२ पर्यंत गोव्याहून ज्याचा कारभार चाले त्या मोझांबिकच्या शेजारी, आजच्या झिंबाब्वेत, शोना लोक ‘म्होंदोरो’ आणि ‘न्गोझी’ अशी दोन नावे योजतात. पहिला दिवंगत राजपुरुषाचा आत्मा असून प्रदेशाचा व पर्जन्याचा पालक मानला जातो. दुसरा अन्यायाने मेलेल्याचा सूड घेणारा आत्मा होय. नेहांदा या आत्म्याचे माध्यम मानलेल्या चार्वे या स्त्रीस १८९६-९७ च्या उठावानंतर, १८९८ मध्ये इंग्रजांनी फाशी दिले. भूमीच्या राखणदारास केवळ भूत समजणाऱ्या राज्यकर्त्यांसही त्याच्या सामर्थ्याची दखल घ्यावी लागली, असेच म्हणावे लागेल.

देवचारावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. त्याची स्थाने म्हणजे गावाच्या जुन्या मर्यादेच्या, राखीव रानाच्या आणि पाण्याच्या खुणा होत. डिचोलीच्या डोंगरांवर खाणी झाल्या. पेडण्यात मोपाच्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरू लागली. अशा काळात राखणदाराची स्थाने गावोगाव नोंदवून ठेवली नाहीत, तर हा न लिहिलेला सीमालेख कायमचा पुसला जाईल. तो वाचावयाचा तर देवचारास भुतांच्या यादीतून काढून प्रथम त्याच्या शिवेवर पुन्हा उभे केले पाहिजे.