थाळनेरचे घुमट आणि टेकवाड्याचे रांजण

राजांच्या थडग्यांचा विषय निघाला की आपले मन मिसर देशाकडे धावते. चीनकडे क्वचितच वळते. त्या देशात आन्यांग येथे १९७६ साली फू हाओ या राणीची कबर सापडली. शांग वंशातील वू दिंग राजाची ही पत्नी ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमारास होऊन गेली. चोरांचा हात न लागलेल्या त्या कबरीत कांस्याच्या ४६८ वस्तू, जेड या मौल्यवान दगडाच्या ७५५ वस्तू आणि सुमारे ६९०० कवड्या निघाल्या. पात्रांवर तिचे नाव कोरलेले असल्यामुळे तिची ओळख पटली. तिच्यासोबत सोळा माणसेही पुरलेली होती. परलोकी राणीची सेवा करण्यासाठी बळी दिलेल्या त्या माणसांची नावे मात्र कोणत्याही पात्रावर नाहीत.

आपल्या खानदेशातही राजांच्या कबरी आहेत. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याला व त्याच्यानंतरच्या पहिल्या राजांना येथेच मूठमाती मिळाली. पुढे हे घराणे बुऱ्हाणपूरला स्थिरावले आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन त्यांची सत्ता संपविली. थाळनेरला फावडे लावून काही मिळावयाचे नाही. इस्लामी रीतीप्रमाणे राजालाही केवळ कफनात गुंडाळून मातीच्या स्वाधीन करतात. आन्यांगचे वैभव जमिनीखाली दडलेले. थाळनेरचे सारे राजेपण जमिनीवर, दगडी भिंतींत व घुमटांत. (आपल्या दफनभूमीत तरी वेगळे काय असते? हातात एक जपमाळ, एवढेच.)

परंतु फू हाओच्या सुमारास आपल्या मुलखात काय चालले होते? त्याचे उत्तर थाळनेरला नव्हे, गिरणाकाठी शोधावे लागते. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. नदीपलीकडे टेकवाडे येथे ताम्रपाषाण युगातील दफने मिळाली: काही रांजणांत, तर एक साध्या खड्ड्यात. सोबत मातीची भांडी. सोने नाही, बळी नाही.

त्या काळच्या लोकांचे मन अधिक उलगडले ते पुणे जिल्ह्यातील इनामगावी. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली उताणे पुरीत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडीत. मृताने उठून परत येऊ नये, असा त्यामागे हेतू असावा, असे अभ्यासक मानतात. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवीत. मूल घरातच राहावे, ही आईबापांची माया त्यात मला दिसते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष मिळाला. तो गावाचा नायक असावा. त्याची पावले शाबूत होती. चिनी राणीच्या मानापायी सोळा जीव गेले. इनामगावच्या नायकाचा मान एवढाच की त्याचे पाय त्याच्यापाशी राहिले. मला हा दुसरा मान अधिक मोठा वाटतो.

खानदेशात अशा जुन्या वस्त्यांच्या टेकाडांना पांढर म्हणतात. तिची राखट माती पिकाला चांगली, म्हणून पिढ्यान् पिढ्या गाड्या भरभरून ती शेतात नेली गेली. त्या मातीत तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण आले, तर खणणाऱ्याला ते फुटके मडके वाटते. आतली हाडे इतकी कोवळी असतात की पहिल्याच फावड्याला त्यांचा चुरा होतो.