एक कारखाना, दोन सारथी

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 1926 सालीं धुळें येथें देह ठेविला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आजही त्या नगरींत आहे. निष्कर्ष काढण्यापूर्वीं अस्सल साधन पहावें, हा त्यांचा महाराष्ट्रास मोठा धडा. तोच धडा आज मीं एका अगदीं निराळ्या क्षेत्रास, म्हणजे मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासास, लावून पहाणार आहें.

या शर्यतींत प्रत्येक कारखाना बहुधा दोन किंवा अधिक सारथी नेमतो आणि त्यांस एकाच बनावटीच्या गाड्या देतो. गाड्या सारख्या, म्हणून जो जिंकला तो श्रेष्ठ, असें प्रेक्षक सहज म्हणून जातो. परंतु खानदेशांतील शेतकरी इतक्या घाईनें निकाल देणार नाहीं. एकाच घरच्या दोन गाड्या कपाशी भरून जळगांवच्या बाजारास निघाल्या आणि वाटेंत एकीचा आंस मोडला, तर आधीं पोहोंचलेला गाडीवान तेवढ्यानेंच अधिक कुशल ठरत नाहीं. मात्र मोडलेल्या गाडीच्या धन्यानें वंगण घातलें होतें काय, खड्डा चुकविला होता काय, हेंही तो विचारील. आपणही हेच दोन प्रश्न विचारूं.

जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा 1950 सालीं झाली. आल्फा रोमिओ या इटालियन कारखान्याचे ज्युसेप्पे फारिना आणि आर्जेंटिनाचे हुआन मॅन्युएल फांजिओ हे तिचे नायक. युरोपांतील सहा शर्यतींपैकीं तीन फारिनानें जिंकल्या, तीन फांजिओनें. यांतील मौज अशी, कीं फांजिओनें ज्या तीन शर्यती पुऱ्या केल्या त्या तिन्ही जिंकल्या, आणि ज्या तिहींत तो शेवटपर्यंत पोहोंचला नाहीं त्याच तीन फारिनाच्या पदरांत पडल्या. 3 सप्टेंबर रोजीं मॉन्झा येथें निर्णायक सामना होता. फांजिओची गाडी बिघडली. दुसऱ्याची गाडी घेऊन पुढें जाण्यास त्या काळीं नियमाची मोकळीक होती, म्हणून आपल्याच संघांतील तारुफ्फी याची गाडी त्यानें घेतली, तर तीही बंद पडली ! अखेरीस फारिनाचे गुण 30 भरले, फांजिओचे 27. पण न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे, कीं फ्रान्समधील शर्यतींत यंत्रानें फारिनासही दगा दिला होता. पुढें 1951 सालीं आणि 1954 पासून 1957 पर्यंत प्रतिवर्षीं फांजिओ अजिंक्य ठरला. तरी पहिलें नांव फारिनाचेंच राहिलें.

यंत्र केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, हें स्पर्धेच्या चालकांसही ठाऊक होतें. म्हणून सर्व शर्यतींचे गुण न धरतां उत्तम तेवढ्यांचेच धरावे, असा नियम आरंभापासून होता. गाडी मोडून ज्याच्या पदरीं शून्य आलें, त्यास दिलेली ती सूट होती. परंतु 1988 सालीं हाच नियम उलटा फिरला. मॅक्लॅरेन संघाची होंडा यंत्राची गाडी इतकी भरंवशाची निघाली, कीं 16 पैकीं 15 शर्यती तिनेंच जिंकल्या : आठ आयर्टन सेनानें, सात आलां प्रोस्तनें. प्रोस्तनें पुऱ्या केलेल्या 14 शर्यतींत तो पहिला तरी आला किंवा दुसरा तरी. त्याची एकंदर बेरीज 105, सेनाची 94. पण उत्तम 11 शर्यतीच धरावयाच्या असल्यामुळें सेनाचे 90 आणि प्रोस्तचे 87 ठरले, आणि अजिंक्यपद सेनास मिळालें. मोडक्या गाड्यांच्या काळीं केलेला नियम न मोडणाऱ्या गाडीच्या काळीं सातत्यालाच जाचक झाला. 1991 पासून सर्व शर्यतींचे गुण धरूं लागले.

तिसरें उदाहरण 2016 चें. मर्सिडीज संघाच्या लुइस हॅमिल्टननें त्या वर्षीं दहा शर्यती जिंकल्या, निको रोझबर्गनें नऊ. परंतु गुण रोझबर्गचे 385 आणि हॅमिल्टनचे 380. पहिल्या क्रमांकास 25 गुण असतात, आणि 2 ऑक्टोबर रोजीं मलेशियांत हॅमिल्टन आघाडीवर असतां त्याचें यंत्र जळालें होतें. तेव्हां यंत्रानेंच अजिंक्यपद हिरावलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण येथें थांबावें. शेवटच्या चारही शर्यतींत हॅमिल्टन पहिला आला आणि रोझबर्ग दुसरा. गुणांची शिल्लक हातीं असल्यामुळें रोझबर्गास दुसरा क्रमांक पुरेसा होता. ती शिल्लक नसती, तर तो कसा धांवला असता हें कोण सांगणार ? शिवाय त्या वर्षीं हॅमिल्टनचे कित्येक आरंभ फसले होते. एक दुवा काढून बाकीची सांखळी तशीच ठेवतां येत नाहीं. अजिंक्यपद मिळाल्यावर पांचच दिवसांनीं रोझबर्गनें निवृत्ति जाहीर केली, आणि वाद कायमचा अनिर्णित राहिला.

तात्पर्य काय ? केवळ कोष्टकावर विसंबून फारिनास फांजिओहून श्रेष्ठ म्हणणें जितकें कच्चें, तितकेंच प्रत्येक पराभवाचें खापर यंत्रावर फोडणेंही कच्चें. यंत्र तुटतें तें कधीं घडविणाऱ्याच्या चुकीनें, कधीं चालविणाऱ्याच्या हातानें, तर कधीं केवळ योगायोगानें. कोष्टकांत मात्र या तिहींबद्दल एकच शून्य लिहिलें जातें. त्या शून्याच्या पोटांत काय दडलें आहे, तें उकलून पाहिल्यावांचून कोणास मोठा व कोणास लहान म्हणूं नये, एवढीच विनंती. जें शर्यतीच्या सारथ्यांस लागू, तें आपल्या गांवच्या हरलेल्या माणसांसही लागू आहे.