फटफटीचा आवाज

लोकांनी ठेवलेली नावे कोशातील नावांपेक्षा पुष्कळदा अधिक बोलकी असतात. मोटारसायकल महाराष्ट्रात आली तेव्हा सामान्य माणसाने तिच्या वेगाकडे किंवा यंत्राकडे पाहून तिचे बारसे केले नाही. कानावर जे पडले त्यावरून तिला ‘फटफटी’ म्हणून तो मोकळा झाला. आता विजेवर चालणारी दुचाकी मुंबईच्या रस्त्यांवर आली आहे आणि ती फटफटत नाही. जिच्या नावातच आवाज आहे, त्या वाहनाचा आवाज गेल्यावर मागे काय उरते, असे मोटारसायकलींचे शौकीन विचारीत आहेत. हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा, असे समजून सोडून देणे सोपे आहे; परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्यात अनेकांच्या पोटापाण्याचाही प्रश्न गुंतलेला दिसतो.

या वादाचा विचार करण्यास वडाळ्यासारखे दुसरे ठिकाण मुंबईत क्वचितच सापडेल. पूर्व मुंबईचे प्रादेशिक परिवहन कार्यालय वडाळ्यासच आहे; ‘एमएच ०३’ या क्रमांकाच्या गाड्यांची, मग त्या तेलाच्या असोत वा विजेच्या, नोंद तेथेच होते. तेथून पूर्वेस, खाजणापलीकडे, माहुल आणि ट्रॉम्बे यांचा पट्टा लागतो. त्या पट्ट्यात १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले आणि १९५६ साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र चालू झाले. म्हणजे ज्या दोन शक्तींचा आज तंटा चालला आहे, त्या दोघी वडाळ्याच्या जवळ शेजारी-शेजारीच नांदत आल्या आहेत.

मुंबईने असा पालट पूर्वीही पाहिला आहे. ९ मे १८७४ रोजी येथे पहिली ट्रॅम धावू लागली ती घोड्यांच्या बळावर. ती चालविणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या पागेत ९०० घोडे होते. अर्थात् त्या घोड्यांमागे मोतद्दार, नालबंद, दाणावैरण पुरविणारे व्यापारी, असा मोठा संसार उभा होता. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम सुरू झाली. प्रवाशांची सोय झाली आणि मुक्या जनावराचे हाल वाचले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या मोतद्दाराला घोड्याच्या नुसत्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखता येई, त्याच्या विद्येला विजेच्या डब्यात जागा नव्हती. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी विजेची ट्रॅमही बंद झाली आणि रस्ता तेलावर चालणाऱ्या बसगाड्यांच्या हाती गेला. तात्पर्य, वीज नेहमी पुढची आणि तेल नेहमी मागचे, असा काही इतिहासाचा नियम नाही.

दुचाकीची कथाही तशीच आहे. गॉटलीब डाइम्लर याने जर्मनीत अंतर्ज्वलन यंत्रावर चालणारी दुचाकी १८८५ साली बनविली. अमेरिकेत ओग्डेन बोल्टन याला विजेच्या सायकलीचे पेटंट १८९५ साली मिळाले. दोघींच्या वयात दहाच वर्षांचे अंतर! ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटारही विजेचीच होती, आणि तो पराक्रम १८९९ सालचा. मग वीज मागे का पडली? तिची बॅटरी जड होती आणि एका दमात तिला फार लांब जाता येत नसे. त्यातच १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचा त्रास सरला. तेलाच्या गाडीतला मोठा दोष विजेनेच घालविला आणि आपला पराभव आपणच ओढवून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशात मोटारसायकलीचा खरा प्रसार झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६१ साली म्हैसूर येथे जावा तयार होऊ लागली व तीच पुढे येझदी झाली. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली. बुलेटचा संथ ठोका आणि आरएक्सची तीक्ष्ण किंकाळी यांतला भेद शौकीन मनुष्य डोळे मिटून सांगतो. यांपैकी जावा आणि आरएक्स या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांचे यंत्र हलके, साधे आणि जोरकस असे. परंतु त्यात वंगणाचे तेल पेट्रोलाबरोबरच जळते आणि काही मिश्रण न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. १९८५ सालीच हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली. तिचा धूर कमी होता आणि थोड्या पेट्रोलात ती लांबवर जाई. पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली येझदी व आरएक्स या दोघींचेही उत्पादन थांबले. फोर-स्ट्रोकच्या गाडीत ‘जीव’ नाही, अशी तक्रार त्या काळचे शौकीन करीत. आज त्याच फोर-स्ट्रोकचा आवाज जाणार म्हणून हळहळ चालली आहे. कान हा सवयीचा चाकर आहे, हेच यावरून दिसते.

विजेच्या गाड्या घेऊन पुढे आलेल्यांत ओळखीची मंडळी पुष्कळ आहेत. बजाजची चेतक २०१९ साली विजेचा अवतार घेऊन परत आली. १९७२ साली निघालेली कायनेटिकची लूना २०२४ साली ई-लूना झाली. पुण्याच्या टॉर्क मोटर्सने २०२२ साली ‘क्रॅटॉस’ ही विजेची मोटारसायकल विक्रीस काढली. रॉयल एन्फील्डनेही २०२४ साली इटलीतील मिलान येथे आपली विजेची दुचाकी लोकांपुढे मांडली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलून पाहण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. क्रॅटॉसची बॅटरी ४ युनिटांची, म्हणजे तिच्यात अर्धा लिटर पेट्रोलाएवढीही शक्ती नाही. तरी तेवढ्यावर ती शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. कारण इंजिन बहुतेक शक्ती उष्णतेत दवडते, तर विजेची मोटर मिळालेल्या शक्तीतील बहुतेक चाकापर्यंत पोहोचविते. शिवाय मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा मिळतो. क्लच दाबून गिअर बदलण्याची यातायात नाही. पेट्रोलवाला उत्तर देतो की, टाकी दोन मिनिटांत भरते, बॅटरीला तास लागतात. सह्याद्रीच्या घाटात बॅटरी संपली तर दुसऱ्याकडून बाटलीभर वीज मागून आणता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या चाळकऱ्याने खाली रस्त्यावर उभी केलेली गाडी चार्ज कोठे करावी, हा त्याचा सवालही रास्त आहे. देशातील विजेचा मोठा भाग अजून कोळशापासून निघतो, सबब धूर नाहीसा न होता केवळ दूरच्या धुराड्यापाशी जातो, हेही तो ऐकवितो. मात्र तो धूर मुलांच्या शाळेपुढून आणि रुग्णालयाच्या दारावरून जात नाही, हा फरक लहान नव्हे.

आवाजाच्या बाबतीत एवढे सांगितले पाहिजे की, १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीच्या आवाजाला आपल्या नियमांनी ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री-अपरात्री जो कडकडाट लोकांची झोप उडवितो, तो बहुधा मूळ गाडीचा नसून बदललेल्या सायलेन्सरचा असतो. खऱ्या शौकिनाला त्याचे समर्थन करवणार नाही.

परंतु शौकिनाचे खरे दुःख आवाजाहून खोल आहे. जुनी गाडी तिचा मालक स्वतः उघडू शके. प्लग काढून घासावा, कार्बुरेटर साफ करावा, साखळी ताणावी. आणि ते न साधले तर नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जावे. त्या मिस्त्रीचे शिक्षण शाळेत झालेले नसते, ते उस्तादाच्या हाताखाली झालेले असते. गाडी चालू करावयास सांगून तो क्षणभर कान देतो आणि कोणता भाग बिघडला ते सांगतो. आवाज हीच त्याची पाटी आणि तेच त्याचे पुस्तक. विजेच्या गाडीत बॅटरी बंद पेटीत असते. तिचा दोष कानाला नव्हे, कंपनीच्या संगणकाला कळतो. उद्या मालक केवळ गिऱ्हाईक होईल आणि मिस्त्रीच्या हातचे काम जाईल, ही भीती निराधार नाही.

घोड्यांच्या ट्रॅमचा धडा येथे उपयोगी पडतो. वीज येऊ नये, असे त्या धड्याचे सांगणे नाही. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने दुचाकी-टॅक्सीचे नियम केले तेव्हा त्यांत विजेच्या दुचाकीलाच मुभा ठेवली. वारा कोणत्या दिशेचा आहे हे त्यावरून उघड आहे. मागच्या वेळी जे सुटून गेले ते या वेळी सुटू नये, एवढेच पाहावयाचे. सुटे भाग बाजारात मिळावेत, दुरुस्तीची माहिती कुलूपबंद नसावी, आणि मिस्त्रीला वयाच्या चाळिशीतही नवी विद्या शिकण्याची सोय व्हावी. एवढे झाले तर जुने शौकीनही हळूहळू नव्या गाडीवर बसतील. आपली गाडी आपल्या हातांनी ओळखावी, हीच त्यांची मूळ हौस आहे.

आणि नावाचे म्हणाल, तर त्याची चिंता नको. फटफटी हा शब्द आवाजावरून आला असला तरी तो आता मराठी संसारात मुरला आहे. वडाळ्याच्या रस्त्याने एखादी विजेची गाडी निमूटपणे निघून गेली, तरी एखादी आजी नातवाला ‘ती पाहा फटफटी!’ असेच सांगेल, आणि नातवालाही ते बरोबर समजेल.