युसुफ, सलीम : शोधनिबंध आणि त्यांचा प्रभाव

युसुफ, सलीम (जन्म १९५२). भारतीय वंशाचे कॅनडावासी हृद्रोगतज्ज्ञ व साथरोगशास्त्रज्ञ. जन्म केरळमधील कोट्टारक्करा येथे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले आणि १९९२ पासून हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात आहेत.

त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक शोधनिबंध आहेत. २०११ साली सर्वाधिक उल्लेख झालेल्या संशोधकांत त्यांचा क्रमांक जगात दुसरा लागला. त्यांचा एच-निर्देशांक २०० च्या पुढे आहे. म्हणजे त्यांचे किमान २०० निबंध असे आहेत, की त्यांतल्या प्रत्येकाचा उल्लेख इतर संशोधकांनी निदान २०० वेळा केला आहे. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र शेकडो रुग्णालये गुंतलेल्या चाचणीच्या निबंधावर लेखकांची मोठी यादी असते आणि उल्लेखाचे माप त्या प्रत्येकाच्या पदरात सारखेच पडते. त्यामुळे युसुफ यांचे मोठेपण मोजायचे तर त्या निबंधांनी रुग्णाच्या खाटेपाशी काय बदलले, हेच पाहावे लागते.

या साऱ्याचे मूळ ऑक्सफर्डमध्ये आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर हे औषध द्यावे की नाही, यावर त्या काळी अनेक लहान चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. औषधाने मृत्यू दहा-पंधरा टक्क्यांनी घटत असतील, तर तो फरक दोन-चारशे रुग्णांत दिसतच नाही; योगायोगाच्या चढउतारात बुडून जातो. रोरी कॉलिन्स आणि रिचर्ड पीटो यांच्यासह १९८४ साली लिहिलेल्या निबंधात युसुफ यांनी यावर उपाय मांडला : चाचण्या प्रचंड मोठ्या हव्यात, आणि त्या मोठ्या करता याव्यात म्हणून अगदी साध्या हव्यात. फॉर्म लहान, तपासण्या मोजक्या, शेवटी प्रश्न एकच – रुग्ण जगला की नाही. पुढच्याच वर्षी बीटा ब्लॉकरच्या सर्व चाचण्या एकत्र करून त्यांनी सहकाऱ्यांसह आढावा प्रसिद्ध केला. १९८६ साली याच पद्धतीने झालेल्या आयसिस-१ या चाचणीचा निष्कर्ष आला. १६,०२७ रुग्णांच्या त्या चाचणीत पहिल्या आठवड्यातले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू ॲटेनोलॉल या बीटा ब्लॉकरने सुमारे १५ टक्क्यांनी घटलेले दिसले. एवढासा फरक पकडायला एवढी माणसे लागली.

हीच पद्धत पुढे वारंवार वापरली गेली. सॉल्व्हड चाचणीत (१९९१) हृदय क्षीण झालेल्या २,५६९ रुग्णांपैकी एनालाप्रिल घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३५.२ टक्के, तर न घेणाऱ्यांत ३९.७ टक्के आढळले. होप (२०००) मध्ये रामिप्रिल आणि क्युअर (२००१) मध्ये क्लोपिडोग्रेल कसोटीवर उतरले. ही औषधे आज आपल्याकडच्या तालुक्याच्या औषध दुकानातही मिळतात. डिजॉक्सिनची चाचणी (१९९७) वेगळी ठरली. ६,८०० रुग्णांत या जुन्या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तेवढे घटले. दोनशे वर्षे वापरात असलेल्या औषधवर्गातील औषधाबद्दल इतके स्पष्ट उत्तर मिळणे हीदेखील मोठीच कमाई होय.

सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांत २००४ चा इंटरहार्ट येतो. ५२ देशांतील झटका आलेले १५,१५२ रुग्ण आणि तुलनेसाठी निवडलेल्या १४,८२० व्यक्ती त्यात होत्या. तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मनावरचा ताण, आहार, व्यायाम आणि मद्य या नऊ घटकांनी पहिल्या झटक्याचा पुरुषांतील ९० टक्के आणि स्त्रियांतील ९४ टक्के धोका उलगडतो, असे त्यातून दिसले. ‘आमच्या रक्तातच आहे’ असे म्हणून हात टेकणाऱ्या माणसाला याहून आशादायक उत्तर क्वचितच मिळाले असेल. याच माहितीवरून नागपूरचे प्रशांत जोशी यांच्यासह युसुफ व इतरांनी २००७ साली दक्षिण आशियाचा स्वतंत्र अभ्यास मांडला. पहिला झटका येण्याचे सरासरी वय येथे ५३ वर्षे, तर इतर देशांत ५८.८ वर्षे होते. कारण तेच नऊ घटक; आपल्याकडे ते कमी वयातच गाठतात.

उल्लेख म्हणजे मान्यता नव्हे, हे युसुफ यांच्याच प्युअर या अभ्यासावरून कळते. दररोज ३ ते ६ ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांत धोका सर्वांत कमी, त्याहून कमी घेणाऱ्यांतही तो वाढलेला, असा निष्कर्ष २०१४ साली त्यांच्या गटाने काढला. सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधणे अनेक तज्ज्ञांना पटले नाही. या निबंधाचे काही उल्लेख त्याला खोडून काढण्यासाठी झालेले आहेत. नमुन्याबाबतचा हा आक्षेप रास्त आहे आणि निष्कर्ष वाचताना तो लक्षात ठेवायलाच हवा.

अलीकडच्या कामात पॉलीपिल महत्त्वाची : रक्तदाब, मेद आणि रक्ताची गुठळी यांवरची स्वस्त औषधे एकाच गोळीत. तिची पहिली मोठी चाचणी भारतातच, ५० केंद्रांवर, २,०५३ व्यक्तींवर झाली. निष्कर्ष २००९ साली आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.