यकृताचा कर्करोग व रोगप्रतिकार यंत्रणा

यकृतपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगात रोगप्रतिकार यंत्रणेची भूमिका दुहेरी असते. आतड्यांतून येणाऱ्या रक्तात अन्नघटक व जीवाणूंचे अंश सतत असल्याने यकृतातील प्रतिकारपेशी मुळात सहनशील असतात. हेपॅटायटिस बी किंवा सी विषाणू, मद्य अथवा मेदाधिक्य यांमुळे दाह वर्षानुवर्षे टिकला, की पेशी पुन:पुन्हा मरतात व नव्याने विभागतात; त्यातून जनुकीय बिघाड साचतात. बहुतेक रुग्णांत आधी सिऱ्होसिस (यकृतात व्रणऊती साचून ते कठीण होणे) झालेला असतो.

मारक टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी अर्बुदपेशी नष्ट करू शकतात. परंतु अर्बुद पीडी-एल१ प्रथिनाद्वारे टी-पेशींना निष्क्रिय करते; नियामक टी-पेशीही प्रतिकार दडपतात.

पीडी-एल१चा हा अडसर दूर करणारे औषध ॲटेझोलिझुमॅब आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब यांच्या संयुक्त उपचाराने प्रगत रोगात सोराफेनिब या औषधापेक्षा अधिक आयुर्मान लाभल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. मात्र अनेक रुग्णांना त्याचा लाभ होत नाही, आणि चेतवलेली प्रतिकारशक्ती कधी निरोगी अवयवांवरही हल्ला करते.

प्रतिबंध अधिक परिणामकारक ठरतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांसाठी हेपॅटायटिस बी लसीकरण सुरू केले. त्यानंतर तेथील मुलांमधील यकृत कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटले.